गोधडीला साड्या किती, माठाला रंग का नको?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या महिन्याच्या पत्रांत बहुतेकांची अडचण सारखीच आहे. दुसऱ्यासाठी काहीतरी करायचं ठरलंय, माणसं जमलीत, थोडे पैसेही जमलेत. पण काम हातात घेतलं की मापावर, सामानावर किंवा वेळेवर घोडं अडतं. तेव्हा उत्तरांत शक्य तिथे आकडे दिले आहेत.

आमच्या बचत गटात चौदा जणी आहोत. जवळच्या आश्रमशाळेतल्या मुलांना थंडी पडायच्या आत जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून द्यायच्या आहेत. साड्या भरपूर जमल्या आहेत, पण एका गोधडीला किती लागतात आणि थर किती घालायचे यावर एकमत होत नाही. मागच्या खेपेला शिवलेल्या गोधड्यांना मध्ये फुगे आले होते.
*– बचत गटाच्या सदस्य, अकोले तालुका*

ताई, साड्या कापायच्या आधी एकदा वसतिगृहाच्या अधीक्षकांना भेटून या. तीन गोष्टी विचारा: पलंग केवढे आहेत, गोधड्या दिवसा कुठे ठेवतात आणि धुतं कोण. बऱ्याच ठिकाणी मुलं आपापली पांघरुणं स्वतः धुतात. दहा थरांची गोधडी उबदार होते खरी, पण भिजल्यावर ती दहा वर्षांच्या मुलाला उचलत नाही. मग ती धुतलीच जात नाही. मुलांच्या गोधडीला सहा थर पुरतात.

आता हिशेब. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच रुंद असते. दोन्ही टोकांचा विरलेला भाग काढून तिचे पावणेसहा फुटांचे तीन तुकडे निघतात. म्हणजे दोन साड्यांत सहा थर, पावणेसहा फूट बाय पावणेचार फूट, आणि मध्ये जोड कुठेच नाही. लहान मुलांना हे माप बरोबर बसतं. नववी-दहावीच्या मुलांसाठी लुगडी वापरा. सव्वाआठ मीटरच्या नऊवारीचे साडेसहा फुटांचे चार तुकडे होतात. दीड लुगड्यात एक गोधडी. पाच फूट रुंदीची मोठी गोधडी मात्र जोडाशिवाय होत नाही आणि तिला साड्याही जास्त लागतात. मुलांसाठी त्या फंदात पडू नका.

साडी निवडताना दोन्ही अंगठ्यांमध्ये कापड धरून ताणा. ‘चर्र’ असा बारीक आवाज आला तर ती विरली आहे. कमरेला खोचायचा भाग आणि फॉलच्या वरची पट्टी हमखास विरलेली असते. फॉल उसवा, जरीकाम असेल तर तेही कापून टाका, कारण जरीची तार अंगाला टोचते. साडी सुतीच हवी. नायलॉन-पॉलिस्टरचे थर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषत नाहीत, आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतात. खोलीत शेकोटी किंवा चूल असेल तर हा धोका नुसता बोलण्यापुरता नाही. साडीचे सुती काठ फेकू नका, गोट लावायला त्यांच्याइतकं मजबूत कापड दुसरं नाही.

फुगे येण्याची कारणं तीन. एक, जुन्याबरोबर कोरं कापड घातलं. जुनं आटून झालेलं असतं, कोरं पहिल्या धुण्यात आटतं आणि बाकीच्या थरांना ओढून घेतं. कोरं घालायचंच असेल तर आधी दोनदा धुऊन घ्या. दोन, कच्चे टाके न घालता कडेकडून शिवत आत गेलात. आपला धावदोरा कडेपासून मध्याकडे जातो, त्यामुळे प्रत्येक फेरीत थोडं ढिलं कापड आत ढकललं जातं आणि शेवटी सगळं मध्ये साचतं. तीन, दोरा फार ओढला.

त्यासाठी पसरण्यालाच वेळ द्या. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर सर्वांत खालचा थर उलटा अंथरा, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा, मधून बाहेर तळहात फिरवून सुरकुती काढा. मग एकेक थर तसाच. सहाही थरांचे उभे धागे एकाच दिशेला येऊ द्या. कच्चे टाके मधल्या बिंदूपासून चारही बाजूंना घाला आणि मग दर वितेवर एक ओळ. हे झालं की गोधडी उचलली, घडी केली, पुढच्या दुपारी उलगडली तरी थर हलत नाहीत. त्यानंतर धावदोरा. दोन ओळींत सव्वा इंच अंतर ठेवा, टाका पाव इंचाचा. या मापाला एका गोधडीला जवळपास ८० मीटर जाड सुती दोरा लागतो. एका वेळी दीड हाताहून लांब दोरा ओवू नका. लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन झिजतो आणि अर्ध्यात तुटतो. गाठी थरांच्या आत दडवा. घरगुती मशीन फक्त गोटासाठी वापरा. सहा थर तिच्या दाबाखाली गेले की वरचा थर पुढे सरकतो आणि चुण्या पडतात.

प्रत्येक गोधडीच्या एका कोपऱ्यात रंगीत कापडाचं एक चित्र टाका: पान, मासा, सायकल, कंदील, हवं ते, पण दोन गोधड्यांवर सारखं नको. यात देखणेपणाइतकाच आरोग्याचा भाग आहे. वसतिगृहात खरूज पसरायला एकमेकांची अंथरुणं-पांघरुणं हे एक मोठं निमित्त असतं. साठ गोधड्यांच्या थप्पीतून वाचता न येणाऱ्या मुलालाही ‘माझी माशाची’ म्हणून स्वतःचीच काढता आली पाहिजे. चित्र कोणतं हवं ते मुलांनाच विचारलंत तर उत्तम.

शिवायला बसताना सुया मोजून द्या आणि उठताना मोजून घ्या. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत गोधडी द्यायची नाही. लोहचुंबक फिरवला की थरातली सुई हाताला लागते.

शेवटचं, संख्येबद्दल. साठ मुलं असतील आणि चाळीसच गोधड्या झाल्या असतील तर वाटप थांबवा, किंवा पहिली-दुसरीच्या सगळ्यांना द्या आणि बाकीच्यांना तारीख सांगा. एकाच खोलीत निम्म्यांना देऊन निम्म्यांना रिकाम्या हाताने झोपवणं हे न दिल्याहून वाईट. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळांसाठी कुणी मागितली तर अंगाखाली अंथरायला पातळ दुपटं शिवून द्या. इतक्या लहान बाळाच्या अंगावर जाड, सुटं पांघरूण घालणं धोक्याचं. ते तोंडावर आलं तर त्याला बाजूला करता येत नाही.

गावातल्या अंगणवाडीची बाहेरची भिंत आमच्या मंडळानं गेल्या वर्षी रंगवली. पावसाळ्यानंतर निम्मी चित्रं पोपडे धरून पडली. पुन्हा रंगवायची आहे. भिंत २० फूट लांब, ८ फूट उंच. सामान किती लागेल? वारली चित्रं काढली तर चालेल का?
*– तरुण मंडळाचे कार्यकर्ते, शाहूवाडी तालुका*

रंगाचा दोष क्वचित असतो, दोष भिंतीचा असतो. काळं कापड घेऊन भिंतीवर जोरात घासा. पांढरी भुकटी लागली तर खाली जुना चुना आहे. तुमचा रंग भिंतीला चिकटलेलाच नव्हता, तो चुन्याच्या सुट्या थराला चिकटला होता, आणि चुना सुटला तसा तोही सुटला. हा थर पत्र्याच्या पट्टीनं खरवडून, ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून, पाण्यानं धुऊन काढावा लागतो. एकूण कामापैकी निम्मा वेळ यातच जातो. तो द्यायची तयारी नसेल तर रंग आणूच नका.

मग ओल तपासा. एक फूट चौकोनी प्लॅस्टिक चारही कडा टेपनं बंद करून भिंतीला लावा आणि २४ तासांनी काढा. आतून थेंब दिसले किंवा भिंत काळपट पडली तर ओल आहे. वरून येत असेल तर छताची पन्हाळ आणि वरच्या कठड्याच्या भेगा आधी दुरुस्त करा. जमिनीतून चढत असेल तर ती सहसा भिंतीच्या खालच्या भागातच दिसते. तेवढ्या पट्ट्यात चित्र काढायचंच नाही, नुसता चुना द्यायचा. चुन्यातून ओल बाहेर पडते. प्लॅस्टिक रंगाखाली ती अडकते आणि पोपडा उचलते. भिंतीला लागून गवत आणि मातीचा ढीग असेल तर तोही हलवा.

तुमची भिंत १६० चौरस फुटांची. पाण्यात मिसळणारा बाहेरच्या भिंतीचा प्रायमर २ लिटर, बाहेरच्या भिंतीचा पांढरा किंवा फिका इमल्शन दोन हातांसाठी ४ लिटर, आणि चित्रांसाठी १ लिटर पांढरा व चार-पाच गडद रंगांचे लहान डबे. फिक्या छटा पांढऱ्यात स्टेनर (बाटलीत मिळणारा दाट रंग) घालून करा, पण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या वर जाऊ नका. स्टेनर जास्त झाला की रंग नीट वाळत नाही, हाताला चिकट लागतो. गडद छटा तयार डब्यातूनच घ्या. गेरू आणि पिवळ्या मातीच्या जातीचे तांबूस-पिवळे रंग उन्हात टिकतात. भडक गुलाबी, भडक पिवळा लवकर उडतो.

धुतल्यावर भिंत दोन दिवस वाळू द्या. भेगा पुट्टीनं भरा, प्रायमर लावून रात्र जाऊ द्या, मग रंगाचे दोन हात चार-सहा तासांच्या अंतरानं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. एप्रिल-मेच्या दुपारी भिंत इतकी तापते की कुंचला उचलायच्या आत रंग सुकतो आणि फटकारे दिसतात. वर तेलाचं व्हार्निश नको, ते पिवळं पडतं. नवीन गिलावा असेल तर किमान २८ दिवस थांबा.

२० फुटांच्या भिंतीपुढे एका वेळी सहा जणच उभे राहू शकतात. तीस पोरं एकदम आली की धक्का लागतो, डबे सांडतात, उत्साह तासाभरात संपतो. पाळ्या लावा. रंग कालवणं, कुंचले धुणं, शिडी धरणं ही कामंही नेमून द्या. चित्र आधी खडूनं एकेक फुटाच्या चौकटी आखून उतरवा. फिके रंग प्रथम, काळी रेघ सर्वांत शेवटी.

काय काढायचं? अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेतीन ते साडेतीन फुटांवर असतात. बहुतेक मंडळं चित्रं सहा फुटांवर काढतात. ती रस्त्यानं जाणाऱ्या मोठ्यांना दिसतात, मुलांना नाही. दीड ते चार फूट हा पट्टा मुलांचा. त्यात मोजता येतील अशा वस्तू काढा, परिसरातले पक्षी, भाज्या, बेडूक. आठ फूट लांब आणि दोन फूट उंच पट्टा फळ्याच्या काळ्या रंगानं रंगवून मोकळा ठेवा आणि सेविकाताईंकडे खडूची पेटी द्या. भिंतीवरचा सर्वांत वापरातला भाग तोच ठरतो. अक्षरं काढणार असाल तर ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा काढा. राज्य शासनाच्या मराठी वर्णमालेत तेच आकार आहेत आणि मुलं पुढे पाठ्यपुस्तकात तेच बघणार आहेत. मोबाइलवरून उतरवलेल्या अक्षरांत इथेच गल्लत होते.

डबा घेताना शिशाचं प्रमाण बघा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नसावं असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. अंगणवाडीच्या खिडक्या-दारांवरचा जुना ऑइल पेंट त्याआधीचा असू शकतो. तो कोरडा घासू नका, त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. पाणी मारून ओलाच घासा आणि खाली पडलेला चुरा गोळा करून टाका.

वारलीबद्दल. जरूर काढा, पण वारली चित्रकारांकडून काढून घ्या. डहाणू, जव्हार, तलासरी भागातले चित्रकार बोलावले तर येतात. त्यांचं मानधन, प्रवास आणि मुक्काम हा खर्च रंगाच्या आधी बाजूला काढा. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंतांमुळे ही कला जगभर पोचली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही गावोगावच्या भिंतींवर ती बहुतेक वेळा फुकटात आणि चुकीची उतरवली जाते. लग्नाच्या वेळी सवासिनी काढतात तो देवचौक आणि त्यातली पालघट देवी ही पूजेची गोष्ट आहे, ती शोभेसाठी अंगणवाडीवर नको. शेती, मासेमारी, तारपा या वाद्याभोवतीचा नाच हे विषय कलाकारच सुचवतील. त्यांच्या हाताखाली मंडळातल्या दोघा-तिघांनी काम केलं तर पुढच्या वेळी रेघ कशी ओढायची तेही समजेल.

आमच्या शहरात ‘नको असेल ते द्या, हवं असेल ते घ्या’ अशी माणुसकीची भिंत सुरू केली. पहिल्या आठवड्यात कौतुक झालं, आता तिथे चिंध्यांचा ढीग असतो. बंद करावी का?
*– एक वाचक, बार्शी*

बंद करू नका, वेळ बांधून द्या. इराणमधल्या मशहद शहरात २०१५ च्या हिवाळ्यात अशी भिंत उभी राहिली तेव्हा कल्पना साधी होती: खुंटीला गरम कपडा टांगायचा, ज्याला थंडी वाजते त्यानं घ्यायचा. खुंट्या मोजक्या असल्या की ढीग होत नाही. आपल्याकडे खुंट्यांच्या जागी उघडा कट्टा आला आणि घरातली अडगळ रात्रीच्या अंधारात तिथे पोचू लागली.

आठवड्यातून एकदा, दोनच तास कपडे स्वीकारा, आणि देणाऱ्यासमोरच तपासा. बटण नाही, चेन अडकते, वास येतो: नम्रपणे परत. आतले कपडे फक्त कोरे घ्या. पँटला कंबर आणि मुलांच्या कपड्यांना वय लिहिलेली चिठ्ठी टाचा. नाहीतर घेणारा दहा पँट उलगडून बघतो आणि ढीग पुन्हा सुरू. १० फुटांच्या नळीवर साठेक हँगर बसतात, तेवढेच एका वेळी बाहेर. लग्नातल्या साड्या आणि कोट फारसे कुणी नेत नाही. मागणी असते पुरुषांच्या कामाच्या पँट-शर्टांना, मुलांच्या स्वेटरना, चपला-बुटांना. बूट एकमेकांना बांधून ठेवा. उरलेल्या सुती चिंध्या गॅरेजवाले पुसायला घेतात. तसं आधीच बोलून ठेवा.

कॅमेरा मात्र लावू नका आणि कपडे घेणाऱ्याचे फोटो काढू नका. चिमूटभर संकोच असलेला माणूस त्यानंतर तिथे फिरकत नाही, आणि भिंत नेमकी त्याच्यासाठीच आहे.

उन्हाळ्यात चौकात पाणपोई लावतो. यंदा मुलींनी माठांवर ऑइल पेंटनं सुंदर नक्षी काढली. लोक फोटो काढतात, पण पाणी गार होत नाही अशी तक्रार आहे.
*– व्यापारी मित्रमंडळ, हिंगणघाट*

तक्रार खरी आहे. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपून बाहेर येतं, तिथे त्याची वाफ होते आणि त्या वाफेबरोबर आतली उष्णता जाते. ऑइल पेंटनं ही छिद्रं बुजतात. विदर्भातल्या कोरड्या हवेत माठ फार चांगलं काम करतो (कोकणात दमट हवेमुळे तितका नाही), तेव्हा ते वाया घालवू नका. रंगवलेले माठ झाडांच्या कुंड्या म्हणून ठेवा, नवे आणा. मुलींना नक्षीसाठी तिवई, फलक आणि लाकडी झाकणं द्या. माठावरच हवी असेल तर गळ्याभोवती दोन बोटांचा पट्टा, गेरू आणि खडूचा, बस्स.

नवा माठ एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि पहिलं पाणी ओता. घासायला काथ्या आणि साधं पाणी. साबण छिद्रांत शिरतो आणि चव आठवडाभर जात नाही. बाहेरून शेवाळं धरलं तर गारवा कमी होतो, म्हणून दोन दिवसाआड बाहेरूनही घासा. ३०० माणसं एकेक पेला पिणार धरली तर ७५ लिटर पाणी लागतं, म्हणजे २० लिटरचे चार माठ आणि पुन्हा भरायला कुणीतरी नेमलेलं. खाली तोटी असलेला माठ घ्या, किंवा लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. पेला आत बुडवू दिला की पाणपोईतूनच जुलाब पसरतात. पाणी नळाचं नसेल तर क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा.

शेजारी पक्ष्यांसाठी परळ ठेवणार असाल तर उथळ ठेवा, दोन इंचांहून जास्त पाणी नको, मध्ये एक दगड. पाणी रोज ओतून बदला. तसंच राहू दिलं तर आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास उडतात.

सरकारी रुग्णालयातल्या नवजात बाळांसाठी टोपडी विणते. ती वापरली जात नाहीत असं कळलं. काय चुकत असेल?
*– एक आजी, नाशिक*

आजी, बहुधा माप आणि लोकर. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो, पण नवजात कक्षातली बरीच बाळं वेळेआधी जन्मलेली असतात आणि त्यांचा घेर ३० च्या आत असू शकतो. टोपडं घेरापेक्षा दोनेक सेंटिमीटर कमीच विणा, ते ताणून बसतं; सैल असलं तर डोळ्यांवर उतरतं. तीन मापं करा: २६, २९ आणि ३२. मऊ सुती धागा किंवा बाळांची म्हणून मिळणारी चार पदरी लोकर घ्या. केसाळ लोकर, गोंडे, मणी, बंद नकोत. केस नाकात जातात, बंद गळ्याला येतात. जाळीचं विणकाम टाळा. धुऊन, माप लिहून, वेगवेगळ्या पिशव्यांत घालून द्या, आणि देण्याआधी कक्षाच्या परिचारिका ताईंना विचारा. कधी त्यांना टोपड्यांपेक्षा पायमोजे हवे असतात.

आम्ही नववीतले सहा जण आहोत. अंध शाळेतल्या लहान मुलांसाठी हातानं बघता येईल असं चित्रांचं पुस्तक करायचं आहे. डाळी, तांदूळ, मणी चिकटवून चित्रं केली आहेत. आणखी काय करावं?
*– विद्यार्थी, लातूर*

मुलांनो, कल्पना फार चांगली आहे. डाळ-तांदूळ मात्र काढा. पावसाळ्यात बुरशी आणि मुंग्या लागतात, आणि दाणे सुटून छोट्यांच्या तोंडात जातात. त्याऐवजी सुतळी, पॉलिश पेपर, मखमल, पन्हाळी पुठ्ठा, फोम शीट वापरा.

डोळे मिटून स्वतःच्या चित्रावरून बोट फिरवा. मग ते न पाहिलेल्या मित्राला डोळे बांधून द्या. त्याला अर्ध्या मिनिटात ओळखता आलं नाही तर चित्र बदला. एका पानावर एकच वस्तू. दोन रेघांत किमान ३ मिलीमीटर अंतर, नाहीतर बोटाला त्या एकच वाटतात. एकावर एक आलेल्या आकृत्या आणि ‘दूरचं लहान, जवळचं मोठं’ ही युक्ती बोटाला कळत नाही. गाईचे चार पाय चारही वेगळे दाखवा. पान, किल्ली, कंगवा, बांगडी या वस्तू सर्वांत सोप्या, कारण त्यांचं चित्र खऱ्या आकाराचं होतं. पुस्तकाबरोबर एका पिशवीत त्या खऱ्या वस्तूही द्या. मूल आधी किल्ली हातात घेईल आणि मग पानावरची शोधेल.

ब्रेल नावं गोंदाच्या थेंबांनी लिहू नका. सहा ठिपक्यांचं घर एका बोटाच्या पेराखाली मावायला हवं. दोन ठिपक्यांत अंतर जेमतेम अडीच मिलीमीटर आणि उंची अर्धा मिलीमीटर. हातानं टाकलेला थेंब याच्या दुप्पट होतो आणि वाचताच येत नाही. नावांची यादी अंध शाळेच्या शिक्षकांना द्या. मराठीसह भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये ते पाटी-लेखणीनं पट्ट्या काढून देतील. त्या तुम्ही प्रत्येक पानावर एकाच जागी, खालच्या डाव्या कोपऱ्यात चिकटवा. पानं दहा-बाराच, जाड पुठ्ठ्याची, स्पायरल बांधणीची, म्हणजे पुस्तक सपाट उघडं राहतं. अंध शाळेतल्या काही मुलांना अंधुक दिसतंही. त्यांच्यासाठी रंग गडद आणि पार्श्वभूमीहून वेगळे ठेवा.

मला चित्रकला, शिवण काहीच येत नाही. बसथांब्यावर रोज एक अंध काका भेटतात. मदत करावीशी वाटते, पण कशी करायची कळत नाही, म्हणून गप्प उभी राहते.
*– एक वाचक, पुणे*

ताई, आधी तोंडानं बोला: ‘काका, मी रोज याच थांब्यावर असते. कुठली बस बघू?’ अचानक हात धरू नका, काठी तर मुळीच ओढू नका. ती काठी म्हणजे त्यांना रस्त्याची खबर देणारी वस्तू आहे. ‘नको’ म्हणाले तर नको. उद्या पुन्हा विचारायला हरकत नाही.

हो म्हणाले तर तुमचं कोपर पुढे करा आणि त्यांना ते कोपराच्या वर धरू द्या. तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. तुमच्या खांद्याच्या हालचालीवरून वळण आणि चढ त्यांना कळतो. पायरीपाशी क्षणभर थांबा आणि ‘वर’ की ‘खाली’ ते सांगा. ‘सावकाश’, ‘सांभाळा’ एवढ्यानं काही कळत नाही. अरुंद जागेत हात पाठीमागे न्या, ते आपोआप तुमच्या मागे येतात. बस आली की आकडा आणि पाटी दोन्ही वाचा, आणि दाराच्या दांडीवर त्यांचा हात टेकवून द्या, पुढचं ते स्वतः चढतात. पाठीमागून ढकलल्यानं तोल जातो. आत जागा मिळाली तर सीटच्या पाठीवर हात ठेवून द्या. बाजूला होताना ‘मी निघते’ असं सांगून निघा. नाहीतर ते तुमच्याशी बोलत राहतात आणि समोर कुणीच नसतं.